मासा का मेला?



घरभेटींच्या निमित्ताने आम्ही आपल्या गावांतून आणि इमारतींतून फिरतो, तेव्हा हल्ली पुष्कळ घरांत काचेची एक टाकी दिसते. वेदीच्या बाजूला टीव्ही, टीव्हीच्या बाजूला टाकी आणि तिच्यात निळे-लाल मासे. काही घरांत तीच टाकी माळ्यावर किंवा गच्चीत दिसते. तिच्यात कांदे-बटाटे असतात, नाहीतर जुनी वर्तमानपत्रे. विचारले की उत्तर ठरलेले असते, "फादर, मासे टिकतच नाहीत. रात्री छान पोहत होते, सकाळी बघतो तर उलटे. काही कारण नाही."

"काही कारण नाही" या तीन शब्दांवर आज आपण थोडा विचार करू या. विषय लहान वाटेल. दहा-वीस रुपयांचा मासा, आणि त्यावर रविवारच्या पानावर एवढे लिहायचे? परंतु या लहान मृत्यूच्या मागे एक मोठा नैतिक प्रश्न उभा आहे. जो जीव आपण स्वतःच्या हौसेने आपल्या हाती घेतला, तो कारण न कळता गेला, तर आपली जबाबदारी किती? कारण कळले नाही म्हणजे आपण सुटलो का? आणि सुटलो नसलो, तर दोष कोणाच्या माथी मारायचा?

खाणारे आणि पाळणारे

पहिली शंका कोणीही काढील. आपण वसईची माणसे. बोंबील, मांदेली, कोळंबी यांच्याशिवाय आपले जेवण होत नाही. ज्या घरात दुपारी सुरमई तळली जाते, त्याच घरात संध्याकाळी एका टेट्रासाठी हळहळायचे, हे ढोंग नाही का?

आम्हाला तसे वाटत नाही. दोन माशांत फारसा फरक नाही, हे खरे. फरक आहे तो आपल्या आणि त्यांच्या नात्यात. समुद्रातला मासा शेवटच्या घटकेपर्यंत स्वतःच्या बळावर जगतो. पाणी गढूळ झाले तर तो दुसरीकडे जातो, ऊन वाढले तर खोल उतरतो, अन्न संपले तर शोधायला निघतो. टाकीतल्या माशाच्या या साऱ्या वाटा आपण बंद केलेल्या असतात. त्याचे पाणी, त्याचे ऊन, त्याची हवा, त्याचा घास, त्याची रात्रसुद्धा आपल्या हातात असते. दिव्याचे बटण आपण दाबले तर त्याची रात्र होते. ज्याला निघून जाण्याची वाट ठेवलेली नाही, त्याच्या बाबतीत ठेवणाऱ्याची जबाबदारी पूर्ण असते. मूल असो, अंथरुणाला खिळलेले आजोबा असोत की दावणीला बांधलेले गुरू, नियम हाच. मासा त्यातला सर्वांत लहान, आणि त्याला ओरडताही येत नाही.

म्हणून पाळणे ही एक कबुली आहे. "तुझे पाणी मी सांभाळीन" असे आपण न बोलता कबूल केलेले असते. प्रश्न एवढाच की, ही कबुली पाळण्यासाठी नुसती माया पुरते का?

स्वच्छ दिसणारे पाणी

ती पुरत नाही. टाकीतले बहुतेक "कारण नसलेले" मृत्यू मायेनेच झालेले असतात.

मासा जे खातो त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. उरलेले अन्न कुजते, त्याचाही अमोनिया होतो. हा अमोनिया विषारी असतो आणि तो दिसत नाही. पाणी काचेसारखे नितळ असते, आणि मासा मात्र त्यात जळत असतो. निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. टाकीतल्या वाळूवर, दगडांवर आणि विशेषतः फिल्टरच्या स्पंजात अतिसूक्ष्म जीव वस्ती करतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातक असते. ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती काढून घेते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. या सूक्ष्म जीवांची वस्ती पुरी बसायला नव्या टाकीत साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र शनिवारी टाकी आणतो आणि रविवारी तिच्यात बारा मासे सोडतो. मग आठवड्याभरात ते एकेक करून जातात आणि आपण म्हणतो, काही कारण नाही.

याहूनही दुःखद प्रकार साफसफाईचा. घर नीटनेटके ठेवण्याची आपल्याला आवड. महिन्यातून एकदा मासे बादलीत काढायचे, सगळे पाणी ओतून द्यायचे, वाळू, दगड, स्पंज नळाखाली घासून, कधी साबण लावून लख्ख करायचे, ताजे पाणी भरायचे आणि मासे परत सोडायचे. टाकी नव्यासारखी चमकते. दोन दिवसांत मासे मरतात. कारण त्या घासण्यात सूक्ष्म जीवांची सगळी वस्ती धुऊन गेलेली असते, आणि नळाच्या पाण्यात आपल्याच आरोग्यासाठी घातलेला क्लोरीन माशांचे नाजूक कल्ले भाजून काढतो. ज्या हातांनी हे केले ते हात निष्काळजी नव्हते. उलट, घरातले सर्वांत काळजी घेणारे हात ते.

तिसरी गोष्ट पाण्याच्या स्वभावाची. पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी हे पीएच या मापाने सांगतात. अमोनियाचे पाण्यात दोन प्रकार असतात, एक जवळजवळ निरुपद्रवी आणि दुसरा जहाल. पंचवीस अंश तापमानाच्या पाण्याचा पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जहाल भाग साधारण अर्धा टक्का असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे पाण्यातली घाण तेवढीच, पण तिचे विष दसपट. दुकानातून पिशवीत आणलेल्या माशाचे असेच होते. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्ल होते आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात झोपून राहतो. आपण घरी येऊन पिशवी उघडतो, वायू निघून जातो, पीएच चढतो आणि झोपलेला अमोनिया जागा होतो. लांबच्या प्रवासाहून आलेला मासा अशा उघड्या पिशवीत तासभर ठेवला, तर त्याला नव्या पाण्याची सवय होण्याऐवजी विषबाधा होऊ शकते.

जुन्या टाकीचे कोडे तर कित्येकांना चकवते. वर्षानुवर्षे पाणी फारसे न बदललेल्या टाकीत जुने मासे ठणठणीत असतात, आणि नवा आणला की दोन दिवसांत मरतो. "माझे पाणी उत्तम आहे, दुकानदाराचाच माल खराब," असे मालक म्हणतो. वास्तविक ते पाणी हळूहळू आम्ल होत गेलेले असते. जुन्यांनी प्रत्येक पायरी उतरताना अंगवळणी पाडून घेतलेली असते. नव्याला जिन्यावरून एकदम खाली ढकलल्यासारखे होते.

मोठे पाणी, लहान पाणी

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना प्रश्न पडेल, "आमच्या लहानपणी वाडीतल्या बावखलात मासे होते. त्यांचा पीएच कोणी बघितला होता?" प्रश्न रास्त आहे.

बावखलात पाणी पुष्कळ असते. तळाला गाळ, काठाला झाडे, पाण्यात शेवाळ, किडे, गोगलगाई. एका टोकाला काही सडले तरी ते एवढ्या पाण्यात विरून जाते आणि खाणारे कोणीतरी तेथे असतेच. मोठे पाणी क्षमा करते. दोन फुटांच्या टाकीला ती ऐपत नसते. चिमूटभर जास्त खाणे, एक मेलेला मासा कपारीत राहून जाणे, पावसाळ्यात रात्री चार तास वीज जाऊन फिल्टर बंद पडणे, एवढ्याने तिचा तोल जातो.

काचेच्या टाकीच्या जन्मकथेतच हा धडा आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली तेथील केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. त्याने एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील हा त्याचा हिशेब बरोबर होता. तरी पाणी बिघडू लागले, कारण वनस्पतीची जुनी पाने सडत होती. मग त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी सडकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. ज्या जिवाकडे कोणाचे लक्षही जात नाही, त्याच्यावाचून साऱ्यांचे अडले होते. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. काचेला नाक लावून तेथले मासे पाहिलेली कितीतरी माणसे आज आपल्या धर्मग्रामात असतील.

तीन सोपी उत्तरे

मासा मेला की आपल्या घरांत तीन उत्तरे ऐकू येतात.

पहिले उत्तर असे, "जाऊ दे, घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले." वास्तुशास्त्र आणि फेंगशुई यांच्या नावाने ही समजूत पसरली आणि आपल्या घरांतही शिरली. ऐकायला ती गोड आहे. पण तिचा परिणाम पाहा. मासा मेला याचे वाईट वाटण्याऐवजी बरे वाटू लागते. पाणी तपासण्याची गरजच उरत नाही. पुढच्या आठवड्यात आपण नवा मासा आणतो, तोही त्याच पाण्यात मरतो आणि आपण म्हणतो, आणखी एक संकट टळले. दुसऱ्याच्या मरणाचा असा हिशेब आपल्या फायद्यात मांडणे, मग तो दुसरा बोटाएवढा का असेना, मनाला चांगली सवय लावत नाही.

दुसरे उत्तर, "देवाची इच्छा." शब्द पवित्र आहेत, म्हणूनच ते जपून वापरायला हवेत. जे देवाच्या खाती मांडतो, ते बादलीच्या खात्यातले नाही ना, हे आधी पाहावे.

तिसरे उत्तर, "याने मारला." आणि मग बोट कोणाकडे तरी वळते. दुकानदाराकडे, कामवाल्या बाईकडे, बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे.

या तिन्ही उत्तरांत एक साम्य आहे. ती दिल्याबरोबर प्रश्न विचारणे थांबते.

अज्ञानाचे दोन प्रकार

आमच्या सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार शिकवला जात असे. तो येथे फार उपयोगी पडतो. त्यांनी अज्ञानात भेद केला. एक अज्ञान असे की जे प्रयत्नाने दूर करता आले असते, आणि ते दूर करणे आपले कर्तव्यही होते. दुसरे असे की कितीही प्रामाणिक प्रयत्न केला तरी ते दूर झाले नसते. त्याला अजिंक्य अज्ञान म्हणतात. दुसऱ्याचा दोष माणसाला लागत नाही. पहिल्याचा लागतो. तेथे दोष माहीत नसण्याचा नसतो, माहीत करून घेण्याचा कंटाळा केल्याचा असतो.

आता टाकीकडे पाहू. अमोनिया मोजण्याची बाटली दुकानात मिळते. क्लोरीन काढण्याचे थेंब मिळतात. नवा मासा महिनाभर वेगळ्या भांड्यात ठेवावा हे कोणीही अनुभवी माणूस सांगतो. डिस्कससारख्या नाजूक माशाला २८ ते ३० अंश तापमानाचे, मऊ, किंचित आम्ल पाणी लागते, हे आणण्यापूर्वी विचारता येते. हा डिस्कस आपल्या पिलांना स्वतःच्या अंगावरच्या स्रावावर वाढवतो. इतके नाजूक पालकत्व असलेला जीव घरी आणताना एक प्रश्नही न विचारणे, याला "मला माहीत नव्हते" हे उत्तर पुरे पडत नाही.

आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा एक देखणा मासा आहे, लाल-काळ्या पट्ट्यांचा. बाजारात त्याला मिस केरळ म्हणतात. तो केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटातच सापडतो आणि त्याच्या शास्त्रीय नावात २०१३ सालापासून सह्याद्रीचे नाव आहे. टाकीच्या हौसेसाठी तो इतका पकडला गेला की आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. वाहत्या, गार, भरपूर प्राणवायूच्या पाण्यात वाढलेला हा मासा मे महिन्यात बंद खोलीतल्या कोमट टाकीत दम सोडतो, तेव्हा ते मरण गूढ नसते. ते आपण विकत घेतलेले असते. अशा वेळी "कसा ठेवावा" याच्या आधी "ठेवावा का" हा प्रश्न येतो.

पण दुसऱ्या प्रकारचे अज्ञानही तितकेच खरे आहे. निऑन टेट्राला एका सूक्ष्म परजीवीमुळे होणारा रोग आहे. मासा वरून धडधाकट दिसत असताना तो आत वाढत असतो आणि त्यावर खात्रीचे औषध नाही. आणि तज्ज्ञांनाही किती उशिरा कळते ते पाहा. अमोनियाचे नायट्राइट करणारे जीव वेगळे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे वेगळे, हे सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाच्या १८९० च्या सुमाराच्या कामापासून सर्वजण धरून चालले होते. ही दोन्ही कामे एकटाच करणारा जीवही आहे, हे २०१५ साली उघड झाले, आणि त्यातला एक शोध लागला तो मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून घेतलेल्या नमुन्यात. सव्वाशे वर्षे जगभरच्या टाक्यांत जे चालू होते, ते पाहणाऱ्यांना दिसले नव्हते. तेव्हा "सगळे केले तरी कळले नाही" असे प्रामाणिकपणे म्हणण्यात कमीपणा नाही.

एका घरातली गोष्ट

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात घडलेली गोष्ट, त्यांच्या परवानगीने आणि नावे न घेता, येथे सांगतो.

त्या घरातल्या सातवीतल्या मुलाने नाताळच्या पैशांतून चौदा टेट्रा मासे घेतले होते. तो त्यांचे सगळे मनापासून करीत असे. पावसाळ्यात एके दिवशी सकाळी त्याने नेहमीप्रमाणे चौथा हिस्सा पाणी बदलले. दुसऱ्या दिवशी पहाटे अकरा मासे मेलेले आढळले. वडील म्हणाले, "काल पाणी कोणी बदलले? तूच मारलेस." आजी म्हणाली, "पोराला बोलू नको, घरावरचे काहीतरी गेले." आईने, वास येऊ नये म्हणून, दुपारपर्यंत सगळे पाणी ओतून टाकी धुऊन ठेवली. मुलगा चार दिवस कोणाशी धड बोलला नाही.

पुढे बसून आठवले तेव्हा एकेक गोष्ट निघाली. त्याच संध्याकाळी गल्लीत डासांसाठी धुराची फवारणी झाली होती आणि खिडकी उघडी होती. डासांच्या औषधांत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांना अत्यंत घातक असतात, आणि टाकीचा हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. चार दिवसांपूर्वी दोन नवे मासे थेट टाकीत सोडले होते. मध्यरात्री वीज गेली होती, किती वेळ ते कोणालाच माहीत नाही. आणि सकाळी पाणी बदलले होते, हेही खरे. कारणे चार. पाणी गटारात गेलेले. आता खरे कारण कधीच कळणार नाही.

वडिलांनी चारांतले एक उचलले, कारण ते डोळ्यांदेखत घडले होते. तर्कशास्त्रात या चुकीला जुने लॅटिन नाव आहे, "पोस्ट हॉक एर्गो प्रॉप्टर हॉक". अर्थ असा की, त्याच्यानंतर झाले, म्हणून त्याच्यामुळे झाले. ही चूक टाकीपाशी थांबत नाही, म्हणून तर आम्ही हे लिहीत आहोत. नवी सून घरात आली आणि महिन्याभरात सासरे गेले, की ती पांढऱ्या पायाची ठरते. शेजारीण बाळाला पाहून गेली आणि बाळाला ताप भरला, की तिची नजर वाईट ठरते. नवरा अपघातात गेला, की बायकोच्या शेवटच्या भांडणाचा हिशेब निघतो. ज्या घरात माशाच्या मरणाला पुराव्याशिवाय गुन्हेगार मिळतो, त्या घरात माणसाच्या मरणालाही तो मिळतो. लहानपणी ऐकलेले "तूच मारलेस" माणूस मोठेपणी विसरत नाही, आणि पुष्कळदा ते पुढच्या पिढीला तसेच देतो.

मग त्या मुलाचे दुःख खोटे होते का? त्याचा दोष सिद्ध होत नाही, म्हणून त्याला "तुझा काही संबंध नाही, विसरून जा" असे सांगायचे का? इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली याच प्रश्नाचा विचार केला. त्यांनी एका ट्रक चालकाचे उदाहरण घेतले. त्याची काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येते. तो निर्दोष असतो. तरी बघ्यांना वाटते तेवढेच त्याला वाटले आणि तो लगेच सावरला, तर आपल्याला ते खटकेल. आपण त्याला धीर देतो, तुझा दोष नाही म्हणतो, आणि तरीही त्याला वेगळे वाईट वाटावे अशी आपली अपेक्षा असते. जे घडले त्यात आपला हात होता, याची ती खंत असते. ती अपराधाची कबुली नसते.

हा फरक घरात जपता आला पाहिजे. त्या मुलाला शिक्षा नको होती आणि खोटे सांत्वनही नको होते. "तुझ्यामुळे झाले असे आपल्याला म्हणता येत नाही. तुला वाईट वाटते, कारण तू त्यांना सांभाळत होतास. चल, उरलेल्या तिघांचे काय करायचे ते पाहू," एवढे कोणीतरी त्याच्या शेजारी बसून म्हणायला हवे होते. पुढे त्याच्या मावशीने ते म्हटले. ते तीन मासे जगले.

करायचे काय

ज्यांच्या घरी टाकी आहे, त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी सांगतो.

नव्या टाकीत चार ते सहा आठवडे धीर धरावा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय नाजूक मासा आणू नये. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीन काढलेले आणि तापमानाने जुन्याला जुळणारे असावे. पाणी टँकरचे किंवा बोअरचे असेल, तर ते प्रत्येक वेळी सारखे नसते हे ध्यानात ठेवावे. स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळावा. खाणे दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. फवारणीच्या वेळी खिडक्या लावून टाकी झाकावी आणि तेवढा वेळ पंप बंद ठेवावा. रोग ओळखल्याशिवाय औषधे ओतू नयेत, कारण अंदाजाने दिलेले औषध मासे आणि फिल्टरमधली वस्ती दोघांनाही मारू शकते. आणि कंटाळा आला म्हणून मासे बावखलात किंवा ओढ्यात सोडू नयेत. टाकीतून सुटलेला सकर मासा आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे आणि तेथल्या मूळ माशांच्या मुळावर आला आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट एका वहीची. शंभर पानी वही टाकीशेजारी ठेवावी. पाणी कधी बदलले, किती बदलले, नवा मासा कधी आणला, वीज कधी गेली, फवारणी कधी झाली, हे एका ओळीत लिहावे. मासा मेला तर टाकी धुण्याआधी एक बाटलीभर पाणी बाजूला काढून ते तपासावे. टाकी रिकामी करण्याची घाई बहुधा आपल्याला तो मृत्यू नजरेआड करायचा असतो म्हणून होते. पण पुरावा गेला की मागे आरोप तेवढे उरतात.

वही लिहूनही काही मृत्यूंचे कारण कळणार नाही. तेथे "कळले नाही" असे लिहून तारीख घालावी. तो मोकळेपणाने लिहिलेला शब्द "संकट टळले" यापेक्षा खरा आहे, आणि "तूच मारलेस" यापेक्षा दयाळू आहे. मात्र तो लिहिण्याचा अधिकार विचारपूस करून झाल्यावरच मिळतो. शोध न घेता म्हटलेले "कळले नाही" हा आळस असतो. शोध घेऊन म्हटलेले "कळले नाही" ही नम्रता असते. शब्द तेच, पण मधे सगळे कष्ट असतात.

ज्यांच्या घरी टाकी नाही, त्यांनीही या आठवड्यात एक करून पाहावे. आपल्या घरात असा एखादा जुना मृत्यू असेल, एखादे नुकसान असेल, ज्याचे कारण कधी कळले नाही आणि तरीही कोणा एकाच्या नावावर ते मांडलेले आहे. ते माणूस अजून आपल्यात असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसावे आणि ते नाव तेथून पुसून टाकावे.

तुमचा,
धर्मगुरू